सी वर काही नाही

फॉरमॅट मारायच्या आधी आमच्या दुकानात गिऱ्हाइकाला वहीत लिहून द्यावं लागतं. स्वतःच्या हातानं. 'सगळं डी मध्ये घेतलं आहे. सी वर काही नाही.' खाली सही.

ही पद्धत सलीमभाईंची. कराडात स्टँडच्या मागं त्यांचं रिपेअरिंगचं दुकान होतं, आता मी चालवतो. नजर अधू झाल्यापासून ते फक्त चहाला येतात. कॉलेजात मी काही शिकलो नाही. जे शिकलो ते त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून, मशीनं उघडून, बिघडवून. त्यांच्या काळात प्रत्येक कॉम्प्युटरच्या डिस्कचे दोन भाग करायचे. सी मध्ये सिस्टीम. डी मध्ये माणसाचं सामान, म्हणजे लग्नाचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, मुलीचा बायोडेटा. मशीन अडकलं की सी उडवायचा, कोरी सिस्टीम टाकायची, डी ला बोट लावायचं नाही.

आता सी-डी कोणी म्हणत नाही. माझ्याकडं येतात ती कानातली यंत्रं, साखर मोजणारे पट्टे, आजोबांच्या गुडघ्यातल्या मोटरी. पण हाताला लागलेली सवय जात नाही. जे समोर येईल त्याच्या मेमरीचे दोन भाग. सी, डी. आणि वही.

"गिऱ्हाईक काही नाही म्हणालं तरी तीनदा विचारायचं," सलीमभाई सांगायचे. "माणसाला माहीतच नसतं, आपलं काय कुठं पडलंय."

मी तीनदा विचारलं होतं. पण उत्तर मीच दिलं. ते सांगायलाच हे लिहितोय.

आई एसटीत कंडक्टर होती. उज्ज्वला थोरवडे, कराड डेपो. बावीस वर्षं दोरी ओढली. एक बेल थांब, दोन बेल चल. घरातही तिचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत जायचा. पप्पा मी आठवीत असताना गेले. मग घरात आई, केतकीताई आणि मी.

सात वर्षांपूर्वी आईला झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं. शब्द डोक्यात तयार व्हायचे, जीभ हलायची नाही. आठ महिन्यांनी तिला पेटी बसवली. आम्ही पेटीच म्हणतो.

ती कशी चालते ते सोपं आहे. टपाल तिकिटाएवढी तारांची जाळी, कवटीच्या आत, मेंदूवर टेकलेली. आपण बोलायचं ठरवलं की मेंदूचा एक भाग जिभेला, ओठांना, घशाला हुकूम सोडतो. तिथं विजेची बारीक सळसळ होते. 'पाणी'ची वेगळी, 'मीठ'ची वेगळी. जाळी ती सळसळ ऐकते आणि गळ्यातल्या काडेपेटीएवढ्या डबीकडं पाठवते. डबी त्याचे शब्द करून बोलते. आवाज आईचाच, तिच्या जुन्या व्हॉइस मेसेजमधनं उचललेला. पण प्रत्येकाची सळसळ निराळी, त्यामुळं पेटीला माणूस शिकावा लागतो. आई शिकायला दीड वर्ष लागलं. ज्या दिवशी ती पहिल्यांदा "प्रणित, पंखा कमी कर" असं एका दमात म्हणाली, त्या दिवशी ताई रडली आणि मी पंखाच बंद केला.

तीन वर्षांपूर्वी पेटीची कंपनी बंद पडली. मग जगभरातल्या हौशी पोरापोरींनी मिळून एक फुकट सिस्टीम बनवली, ती मी टाकली. तेव्हाच सवयीनं दोन भाग केले. आईचे शब्द, नव्वद जीबी, डी मध्ये. बाकी सी मध्ये.

यंदा मे महिन्यात पेटी मंदावली. आई बोलायची आणि चार सेकंदांनी आवाज यायचा. फोनवर लोक "हॅलो, हॅलो" करून ठेवून द्यायचे. मंडईत "कोथिंबीर नको" असं म्हणेपर्यंत कोथिंबीर पिशवीत पडलेली असायची. मग ती आपोआप बंद-चालू व्हायला लागली. दर दहा मिनिटांनी आईच्या गळ्यातनं कुठली तरी गोड पोरगी म्हणायची, "नमस्कार! चला, बोलायला सुरुवात करू या!"

"हिला आधी मारून टाक," आई म्हणाली. चार सेकंदांनी.

त्या रविवारी ताईचं डोहाळजेवण होतं, सांगलीला, सासरी. शुक्रवारी आई दुकानात येऊन गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसली.

"फॉरमॅट मारायला लागणार," मी म्हटलं.

"मार. त्या बायकांत मला नीट बोलता आलं पाहिजे. नाहीतर बसते कोपऱ्यात, मुक्यासारखी. मुकीच आहे म्हणा."

मी हसलो आणि केबल काढली. तिनं टेबलावर बोटानं टकटक केलं. वहीकडं दाखवलं.

"तुला कशाला वही?"

"नियम म्हणजे नियम. मी काय फुकटी प्रवासी आहे?"

मग विचारलं. एकदा, दोनदा. "आई, सी वर काही ठेवायचं राहिलं नाही ना?" तिसऱ्यांदा विचारल्यावर ती वैतागली.

"मला काय विचारतोस? सामान तू लावलंस. मागं काय ठेवलंय ते तुला माहीत."

"काही नाही."

"मग लिहिते, काही नाही."

डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या अक्षरांत तिनं लिहिलं. सही केली. मी सी उडवला.

एक सांगतो. उडवायच्या आधी सी मध्ये एक फाइल दिसली होती. नाव 'थ्रेशोल्ड', म्हणजे उंबरठा. अकरा एमबी. नव्वद जीबीसमोर अकरा एमबी म्हणजे काय, कपभर पाणीसुद्धा नाही. वाटलं, सेटिंग असेल, नवी सिस्टीम स्वतःची आणेल. नव्या सिस्टीमनं आणलीही. कोरी.

पेटी गळ्यात घातली आणि लगेच, एका क्षणाचा उशीर नाही, "झालं का? भूक लागली."

मी टाळीच वाजवली.

घरी जाताना आई बोलत सुटली. "ऊन काय आहे. याची चप्पल फाटलीय, घेत नाही नवी. गॅस बंद केला का? केला. ही कोण, जाधवांची सून? किती वाळली." मला वाटलं, महिनाभर अडकलेली, आता सुटलीय. जाधवांच्या सुनेनं वळून बघितलं.

शनिवारी स्वयंपाकघरातनं आवाज येतच राहिला. कांदा, मीठ, मोहरी, पप्पांचं नाव, परत मीठ. मधेच थांबून ती बाहेर आली. चेहरा पडलेला.

"प्रण्या, मी आत्ता मोठ्यानं बोलले का?"

"हो."

"मी बोललेच नाही रे. मनात म्हणत होते."

मी काय करायला पाहिजे होतं? पेटी परत उघडायला पाहिजे होती. मी म्हटलं, "नवीन आहे, दोन दिवसांत बसेल." काम चोख झालंय हे मला दुसऱ्या दिवशी चार लोकांत दाखवायचं होतं.

सांगलीत हॉल भरलेला. ताई फुलांच्या दागिन्यांत, हिरव्या साडीत, झोपाळ्यावर. तिच्या सासूबाईंनी आईला मानाची साडी दिली.

पेटी म्हणाली, "ही मीच दिलेली, दिवाळीला. घडीसुद्धा मोडली नाही."

बायका खो खो हसल्या. सासूबाई पण हसल्या, दातांनी. मग दोन वाट्या झाकून पुढं आणल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. बर्फी निघाली तर मुलगी म्हणायचं. ताईनं हात पुढं केला आणि पेटी म्हणाली, "मुलगी होऊ दे, हिच्यासारखीच फटकळ. म्हातारीची जिरेल."

यावेळी कमी हसल्या. आईचा डावा हात तोंडावर गेला.

सासूबाई भल्या. विषय बदलायला त्यांनी मला पुढं ओढलं. "बघा हो, असा मुलगा पाहिजे. इंजिनिअरिंग सोडलं आईसाठी. आजच्या काळात कोण करतं?"

हे वाक्य मी सात वर्षं ऐकतोय. ऐकून मान खाली घालायची, हे मला जमतं.

"कसलं सोडलं? नापास झाला होता. चार विषय. माझं दुखणं त्याला बरं सापडलं."

यावेळी कोणीच हसलं नाही. आईनं दोन बोटं ओठांवर दाबून धरली होती. आवाज ओठांतनं येतच नव्हता, गळ्यातल्या डबीतनं येत होता. आणि डबी थांबेना. "नको बोलू. उज्ज्वला, नको बोलू. सात वर्षं नाही बोललीस. बघ, त्याचा चेहरा बघ. थांब, थांब, थांब."

पेटीचं बटण मागं, उजव्या बाजूला असतं. आईचा हात तिथं पोचत नाही. माझा पोचतो.

मी बटण दाबलं.

आईनं ओठांवरची बोटं काढली. ओठ हलत होते. काही येत नव्हतं.

"चालू कर ती," ताई म्हणाली.

"ताई, तू ऐकलंस ना—"

"ऐकलं. चालू कर, प्रण्या. लाऊडस्पीकर आहे का तो बंद करायला? आईचं तोंड आहे ते."

मी बटणाकडं हात नेला, तर आईनं तो बाजूला सारला. डाव्या हातानं पेटी गळ्यातनं ओढून काढली, पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

सोमवारी सलीमभाई चहाला आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी बशीत चहा ओतला, प्यायला नाही.

"सी वर काय होतं?"

"सिस्टीम."

"अजून?"

"थ्रेशोल्ड म्हणून एक फाइल. छोटी."

"कॉपी?"

मी नकारार्थी मान हलवली.

"तीनदा विचारलंस?"

"विचारलं. उत्तर मीच दिलं."

ते भिंग घेऊन त्या हौशी मंडळींच्या नोंदी वाचत बसले. मी उडालेल्या फाइलचे तुकडे शोधत बसलो. तीन दिवसांत अकरापैकी दोन एमबी सापडले, तेही तुटके. बाकीच्या जागेवर नवी सिस्टीम लिहिली गेली होती.

नोंदींतनं जे कळलं ते असं. माणूस मनातल्या मनात बोलतो तेव्हाही मेंदूत तीच सळसळ होते. त्याच जागी, तेच शब्द, फक्त जरा दबकी. मोठ्यानं बोलायचं वाक्य आणि गिळायचं वाक्य यांच्यात केसाएवढा फरक असतो, आणि तो प्रत्येकाचा वेगळा. आईचा तो फरक पेटी वर्षानुवर्षं शिकत आली होती. काय सोडायचं, काय रोखायचं. ते सगळं त्या फाइलीत होतं. म्हणजे आईला काय काय बोलता येतं ते नव्वद जीबी, आणि ती काय काय बोलत नाही ते अकरा एमबी. मी तिचा ब्रेक उडवला होता.

"परत शिकवता येतो," गुरुवारी चहाच्या वेळी सलीमभाई म्हणाले. "पण गिळायचं प्रत्येक वाक्य आधी बाहेर येणार. आलं की तिनं लगेच खूण करायची, हे नव्हतं बोलायचं. अशी काही हजार वाक्यं."

"मग घरी एकटी बसून करेल."

"एकटीला नाही जमणार. एकटं असताना माणूस रोखतच नाही, मग पेटी शिकणार काय? समोर कोणीतरी पाहिजे, ज्याच्यापासून ती रोखते. आणि त्या माणसानं उत्तर द्यायचं नाही, चेहरासुद्धा हलवायचा नाही. उत्तर दिलं की पेटी धरते, हे बोलायचंच होतं." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "ती सगळ्यात जास्त कुणापासून रोखते, बेटा?"

त्यांनी गार चहा प्यायला.

आईनं नकार दिला. पाटीवर लिहिलं, 'राहू दे. गप्प बरी.'

आठवडा गेला, दुसरा गेला. ताईचे फोन यायचे, आई ऐकायची, मी मधे बोलायचो. "आई हसतेय बघ." हसत नव्हती. दूधवाला माझ्याशी बोलायला लागला, तिच्यादेखत, ती नसल्यासारखा. आणि मला एक गोष्ट माहीत होती जी मी तिला आधी सांगितली नव्हती. जाळी फार दिवस वापरली नाही की मेंदूची सळसळ हळूहळू बदलते. दोन-तीन महिन्यांत डी मधले नव्वद जीबी पण जुळेनासे होतात. मग पहिल्यापासून शिकवायचं, आणि या वयात ते जमेल याची खात्री कोणी देत नाही.

तिला ते सांगितलं. तिनं लिहिलं, 'माहीत आहे. राहू दे.'

"का पण?"

तिनं पाटी पुसली. मग लिहिलं, 'तुझा चेहरा बघितला.'

मी तिच्यासमोर खाली फरशीवर बसलो.

"चार नाही, पाच," मी म्हटलं.

तिनं भुवया उंचावल्या.

"पाच विषय. एक तुला माहीत नव्हता, प्रॅक्टिकलचा. निकाल लागला आणि तीन दिवसांनी तुला झटका आला. डॉक्टर म्हणाले घरी कोणीतरी सतत पाहिजे, आणि मी लगेच म्हटलं, मी आहे. सगळ्यांना वाटलं काय मुलगा आहे. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, आई. तू तिथं आत, नळ्या लावलेली. आणि मला बाहेर सुटल्यासारखं वाटलं. हे मी कुणालाच सांगितलं नाही."

आई बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. आधी कळेना, रडते की काय. हसत होती. आवाज नसलेलं हसू. पाचही बोटं पसरून माझ्यासमोर नाचवली. पाच! मग हसणं थांबलं, डोळे पुसले, आणि तिनं पर्सची चेन उघडून पेटी माझ्या हातात दिली.

दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं. शटर अर्धं ओढायचं, ती खुर्चीवर, मी स्टुलावर. खुणेसाठी मी तिला बटण दिलं होतं, पण ते तिच्या बोटाला सापडेना. मग सलीमभाईंनी कुठनं तरी एसटीची जुनी घंटा आणली, दोरीसकट. मी ती पेटीला जोडली. एक टोला, हे नव्हतं बोलायचं. दोन टोले, बोलायचं होतं, बाहेर जाऊ दे. तिच्या डाव्या हाताला शिकवावं लागलं नाही.

पहिला आठवडा मजेत गेला.

"जाडा झालाय." टण.

"नाक ओढतो बापासारखं." टण.

"सलीमभाईंनी मिशी रंगवली वाटतं." टण. सलीमभाई तेवढ्यासाठी बाहेर जाऊन उभे राहिले.

मग खालचं वर यायला लागलं. माझ्यामुळं याचं लग्न होत नाही. टण. पोरीकडं राहिले असते तर बरं झालं असतं, पण ती नेणार नाही. टण. परवा अंघोळ घालताना याला किळस आली, मला दिसली. टण. मी समोरच्या फरशीतल्या भेगा मोजायचो. किळस नव्हती, साबण डोळ्यात गेला होता, असं ओरडून सांगावंसं वाटायचं. सांगायचं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात एक दिवस ती नुसती बसून होती. रस्त्यावर ट्रकचा रिव्हर्स हॉर्न वाजत होता. पेटी हळूच म्हणाली, "त्या दिवशीच गेले असते तर हा सुटला असता."

घंटा वाजली नाही.

मी भेगांवरनं नजर उचलली नाही. जीभ दाताखाली धरली. ट्रक निघून गेला.

टण.

ते वाक्य नंतर सहा वेळा आलं. मी मोजलं. प्रत्येक वेळी टोला थोडा लवकर पडला. एकदाही उत्तर दिलं नाही. त्यानंतर आलं नाही. ते तिच्या मनात येणंच थांबलं की पेटी ते रोखायला शिकली, हे सांगणारी फाइल नाही.

नवव्या आठवड्यात ताईला मुलगी झाली. आई फोनवर बोलली, पटापट, नेमकं. "नाव आत्येला ठेवू दे, तू मधे पडू नको. सासूबाईंना म्हणावं, ती साडी मी नेसणार बारशाला." पलीकडनं ताई खदखदून हसली. पलीकडनं सासूबाईपण हसल्या, मला ऐकू आलं.

फोन ठेवला. दुपारची वेळ, शटर अर्धं. नव्या फाइलची कॉपी मी डी मध्ये केली, दुकानात दुसरी, ताईकडं तिसरी पाठवली. वही काढून आईच्या त्या जुन्या ओळीवर काट मारली. 'सी वर काही नाही.' खाली लिहिलं, 'होतं.' माझी सही केली.

ती मला बघत होती. पेटीवर एक बारका केशरी दिवा आहे, वाक्य पकडून आत ठेवलं की लुकलुकतो. गेल्या काही दिवसांत तो अधूनमधून लुकलुकायचा, पण क्षणभरच, आणि आत काय ठेवलं ते तो सांगत नाही.

दिवा लुकलुकला. मोठं वाक्य असावं, चार-पाच सेकंद लुकलुकत राहिला.

आवाज आला नाही.

मी थांबलो. अजून थोडा थांबलो. फाटकी चप्पल असेल. नाहीतर ते वाक्य असेल. तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

"आई, काय होतं?"

तिनं डावा हात वर नेला आणि गाडी सोडताना ओढायची तशी दोरी ओढली. दोनदा.